सोसायटीत पक्षी यावेत असं वाटत असेल तर सुरुवात कंत्राटांपासून करा

पुण्यात नवीन सोसायटीत राहायला आलं की बऱ्याच जणांना एक गोष्ट खटकते, इथे पारवे आणि कावळे सोडले तर पक्षीच नाहीत. मग ऑनलाइन एक लाकडी घरटं आणि एक प्लास्टिकचं फीडर मागवलं जातं, बाल्कनीत टांगलं जातं, थोड्याच दिवसांत त्यावर पारव्यांची रांग लागते, खालच्या मजल्यावरून घाणीची तक्रार येते, आणि विषय तिथेच संपतो. हे सगळं करणारी माणसं मनापासून करतात म्हणूनच मला वाईट वाटतं. थोडी माहिती आधी मिळाली असती तर तीच मेहनत कामी आली असती.

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे आणि अर्ज, ठराव, माळ्याशी बोलणं, महापालिकेच्या ऑफिसात चकरा, हे सगळं करून झालंय. त्यातून माझं पक्कं मत झालंय की शहरात पक्षी टिकणार की नाही हे बाल्कनीतल्या दाण्यांवर ठरत नाही. ते ठरतं सोसायटीच्या ऑफिसातल्या एका फाइलमध्ये, ज्यात माळ्याचं, पेस्ट कंट्रोलचं, छाटणीचं, जाळीचं आणि लाइटचं कंत्राट असतं. अख्खं शहर आपल्या हातात नाही पण ती फाइल आहे, आणि पुण्या-मुंबईत अशा हजारो फाइली आहेत.

खाली जे लिहिलंय ते पुण्याच्या हवामानाप्रमाणे आहे. मुंबई, नाशिक, नागपूर, पणजी कुठेही असाल तरी बरंचसं चालेल, फक्त झाडांची निवड आणि महिने थोडे इकडेतिकडे होतील.

आधी हे गोळा करा

कागद:
- चालू वर्षाच्या सगळ्या कंत्राटांच्या झेरॉक्स (माळी, पेस्ट कंट्रोल, छाटणी, कबुतरजाळी, इलेक्ट्रिशियन)
- सोसायटीचं लेटरहेड आणि सेक्रेटरी किंवा चेअरमनची सही
- मोठ्या झाडांची यादी, प्रत्येकाचा फोटो, कुठे आहे ते एका साध्या नकाशावर
- प्रॉपर्टी टॅक्सची पावती (वॉर्ड ऑफिसात अर्ज करताना लागू शकते)

वस्तू:
- मातीची उथळ ताटली, दोनतीन
- नारळाच्या काथ्याचा किंवा ताठ केसांचा ब्रश
- झाकणाला भोकं पाडलेला एक पुठ्ठ्याचा खोका, जुना सुती टॉवेल
- लांब बांबू, टोकाला आकडी (मांजा काढायला)
- मोबाइलमध्ये ईबर्ड (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायला) आणि मर्लिन (पक्षी ओळखायला) ही अ‍ॅप, दोन्ही फुकट आहेत

दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही.

१. आधी महिनाभर नुसतं बघा

काहीही लावायच्या आधी, काहीही विकत घ्यायच्या आधी, सकाळी सातच्या सुमारास पंधरा मिनिटं आवारात फिरायचं आणि कोण दिसतंय ते ईबर्डवर टाकायचं. नाव माहीत नसेल तर मर्लिनमध्ये फोटो टाका, ते ओळखायला मदत करतं. बहुतेकांना धक्का बसतो, कारण "काहीच नाही" वाटणाऱ्या आवारात बुलबुल, शिंजीर, शिंपी, दयाळ, तांबट, साळुंकी, पोपट, घार, भारद्वाज एवढे तर निघतातच, आपण वर बघत नव्हतो इतकंच.

याचा दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा. जनरल बॉडीत "पक्षी वाचवा" असं म्हणून कोणी ऐकत नाही, पण "आपल्या आवारात इतक्या जातींचे पक्षी आहेत, ही यादी, हे फोटो, आणि हा पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, बी विंगच्या मागच्या शिरीषाच्या ढोलीत राहतो" असं म्हटलं की लोक मोबाइल खाली ठेवतात. आपल्या आवारातला पिंगळा म्हटल्यावर त्यांना तो आपला वाटतो.

मुलांना सोबत घ्यायचं असेल तर दोन मुहूर्त चांगले आहेत. एक म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, महाराष्ट्रात हा पक्षी सप्ताह असतो, ५ तारीख मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ तारीख डॉ. सलीम अलींचा. दुसरा फेब्रुवारीत, तेव्हा ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, चार दिवस जगभर लोक आपापल्या अंगणातले पक्षी मोजतात, आपण आपल्या पार्किंगमधले मोजायचे.

२. कंत्राटांची फाइल उघडा

मॅनेजरकडे लेखी मागा. तोंडी मागितलं तर "बघतो" म्हणतात आणि राहून जातं, म्हणून छोटं पत्र द्यायचं आणि पोच घ्यायची. फाइल हातात आली की फक्त चार गोष्टी शोधा: छाटणी कुठल्या महिन्यात आहे, पेस्ट कंट्रोलवाला नेमकं कुठलं औषध टाकतो, माळी पालापाचोळ्याचं काय करतो, आणि बाहेरचे दिवे किती वाजेपर्यंत चालू असतात.

बहुतेक कंत्राटांमध्ये यातलं काहीच लिहिलेलं नसतं. "आवश्यकतेनुसार" एवढाच शब्द असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे त्या "आवश्यकतेनुसार"च्या जागी आपल्याला हवं ते नीट लिहून घेणं.

३. छाटणी: यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवा

एकच काम करायला वेळ असेल तर हे करा, बाकीचं सोडा.

आपल्याकडे छाटणी होते एप्रिल-मे मध्ये, पावसाच्या आधी फांदी पडून गाडीचं नुकसान नको म्हणून. आणि नेमके तेच महिने घरट्यांचे. तांबट आणि पोपट जानेवारी-फेब्रुवारीपासूनच ढोलीत असतात, मार्चपासून दयाळ, बुलबुल, राखी धनेश, एप्रिल ते जून कावळे आणि त्यांच्या घरट्यात अंडं घालणारी कोकिळा, आणि पाऊस सुरू झाला की शिंपी, मुनिया, वटवट्या. बगळ्यांच्या सारंगागार म्हणतात त्या वसाहतीसुद्धा पावसाळ्यातच भरतात, त्या झाडाखाली वास येतो म्हणून लोक नेमकी तेव्हाच फांद्या तोडायची मागणी करतात आणि पिल्लं रस्त्यावर पडतात.

त्यामुळे कंत्राटात लिहून घ्या: छाटणी ऑक्टोबर ते डिसेंबर याच काळात. तेव्हासुद्धा आधी झाड बघायचं, कारण घारी त्याच सुमाराला उंच झाडावर काटक्या गोळा करायला लागतात. "पण पावसात फांदी पडली तर?" हा प्रश्न हमखास येणार, आणि तो रास्त आहे, माणसांचा जीव महत्त्वाचा आहेच. उत्तर असं की मे महिन्यात जी फांदी धोकादायक दिसते ती नोव्हेंबरमध्येही दिसते, जाणकार माणसाला नोव्हेंबरात बोलवा, काम तेव्हाच उरकेल.

आता वाळलेल्या फांदीबद्दल. कमिटीला सगळ्यात आधी तीच खुपते. पण तांबट पक्षी घर करतो ते अशाच वाळलेल्या, मऊ पडलेल्या फांदीत. जमिनीवर उभं राहून मान वर करून बघा, तिरक्या फांदीच्या खालच्या बाजूला, म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही अशा ठिकाणी, कंपासने काढावं तसं गोल भोक दिसेल, साधारण पाच सेंटीमीटरचं. खाली ताजा भुसा पडलेला असेल तर आत काम चालू आहे समजायचं. छाटणीवाला वरून, शिडीवरून बघतो, त्याला ते भोक दिसतच नाही. तांबट निघून गेला की अशाच ढोल्यांमध्ये पुढे दुसरे पक्षी राहतात. म्हणून नियम असा ठेवा: खाली रस्ता, पार्किंग किंवा मुलांची खेळायची जागा नसेल तर वाळलेली फांदी राहू द्यायची, आणि असेल तर पूर्ण न कापता धोकादायक भाग तेवढा आखूड करायचा.

कायद्याचंही बघून घ्या, कारण यात लोकांची फार गल्लत होते. झाड आपल्या आवारात असलं तरी ते मनाला येईल तसं तोडता येत नाही. महाराष्ट्रात नागरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, त्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ मध्ये त्यात बदल झाला, ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरलं जातं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी झाडं बदल्यात लावायची तरतूद आली. अर्ज उद्यान विभागाकडे किंवा आपल्या क्षेत्रीय कार्यालयात जातो, सोबत झाडाचे फोटो आणि कारण द्यायचं. अर्जात "छाटणी" लिहायचं की "तोडणी" हे नीट बघा, ठेकेदार स्वतःच अर्ज भरतो तेव्हा हे दोन्ही एकत्र लिहिलेलं मी पाहिलंय.

आणि घरट्याबद्दल वेगळा कायदा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे त्यात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटी विस्कटणं हेही येतं. हे वाक्य छापून छाटणीच्या वर्कऑर्डरला जोडा. ठेकेदाराला भांडून सांगण्यापेक्षा कागदावर दिलेलं बरं पडतं, त्याच्या माणसांनाही फांदी सोडून द्यायला कारण मिळतं.

एक सापळा: वॉर्ड ऑफिसची किंवा महावितरणची माणसं तारांसाठी छाटायला येतात तेव्हा ती आपल्या कंत्राटात बसत नाहीत. अशा वेळी वॉचमनला सांगून ठेवा, आधी कमिटीतल्या कोणाला तरी फोन, मग गेट उघडायचं. सोबत उभं राहून घरटं दाखवलं तर बहुतेक वेळा ते ती फांदी ठेवतात, माझा तरी अनुभव चांगला आहे.

४. उंदरांचं औषध आणि फवारणी

उंदरांसाठी ब्रोमाडायोलोनसारखी जी औषधं टाकतात त्याने उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, आणि तोच गव्हाणी घुबडाच्या, पिंगळ्याच्या, घारीच्या तोंडी लागतो. विष पुढे जातं. म्हणजे फुकटात उंदीर मारणाऱ्या घुबडालाच आपण मारतो. कंत्राटात विषाऐवजी पिंजरे, ड्रेनेजच्या तोंडाला जाळी, पाइपाभोवतीची भोकं बुजवणं आणि कचऱ्याच्या डब्यांना घट्ट झाकणं हे लिहून घ्या. चिकट गोंदाचे बोर्ड उघड्यावर ठेवायला सरळ मनाई करा, त्यात दयाळ आणि चिमण्याही अडकतात आणि ते बघवत नाही.

बागेतली महिन्याच्या महिन्याला होणारी कीटकनाशकाची फवारणी बंद करा. चिमणी दाणे खाते पण पिल्लांना भरवते अळ्या आणि किडे. शिंजीर फुलातला मध पितो पण पिल्लांना कोळी आणि किडे आणून देतो. ज्या बागेत एकही पान कुरतडलेलं नाही त्या बागेत पिल्लं वाढवता येत नाहीत. लोक विचारतील, पानं खराब दिसतात त्याचं काय. फार कीड पडली तर तेवढ्याच झाडावर निंबोळी अर्क मारायचा, सरसकट नाही.

५. पाणी

हे सगळ्यात सोपं आहे आणि याच आठवड्यात सुरू करता येतं. मातीची उथळ ताटली, पाणी दोनतीन सेंटीमीटर, मध्ये एक खडबडीत दगड म्हणजे लहान पक्ष्याला टेकता येतं. चकचकीत स्टीलचं किंवा खोल भांडं नको. सावलीत ठेवा, वर बसायला एखादी फांदी असावी, पण अगदी झुडपाला खेटून नको कारण तिथे मांजर दबा धरून बसतं.

रोज पाणी बदलायचं आणि एक दिवसाआड ब्रशने घासायचं. नुसतं ओतून परत भरलं तर काठाला चिकटलेली डासांची अंडी तशीच राहतात, आणि घाण पाण्यातून पक्ष्यांमध्येही रोग पसरतात. पावसाळ्यात महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या तपासायला येतात, ताटलीत अळ्या सापडल्या तर दंड सोसायटीला आणि बोलणी पक्षीप्रेमींना, मग पुढचं सगळंच अवघड होतं. म्हणून ताटल्या कमी ठेवा पण प्रत्येकीला एक जबाबदार माणूस. गावाला जाताना ताटली रिकामी करून उपडी घालून जायची.

६. झाडं कुठली लावायची

आधी कुठली नकोत ते. बिल्डरचा लँडस्केपवाला जे देतो ते म्हणजे फॉक्सटेल पाम, ड्युरांटाचं कुंपण, कापून चौकोनी केलेला फायकस आणि लॉन. हिरवं दिसतं, पण पक्ष्याला तिथे खायला जवळपास काही नाही. कोनोकार्पस हे परदेशी झाड तर अजिबात नको, गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली.

मात्र एक लक्षात ठेवा, देशी झाडांच्या उत्साहात उभा असलेला जुना गुलमोहर किंवा रेनट्री तोडायला जाऊ नका. ती झाडं बाहेरची असली तरी त्यांच्यावर घारींची घरटी आहेत, त्यांच्या ढोल्यांत पोपट आहेत. नवीन लावायचं ते देशी लावा, जुनं आहे ते राहू द्या.

मोठी जागा असेल, निदान इमारतीपासून आणि कंपाउंड वॉलपासून दहा मीटर तरी लांब, तर उंबर, वड, पिंपळ. यांची फळं म्हणजे पक्ष्यांची खानावळ. आपला राज्यपक्षी हरियाल बघायचा असेल तर फळांनी लगडलेल्या वडाखाली सकाळी उभं राहा, पिवळे पाय आणि पानांत मिसळून जाणारा रंग, हलल्याशिवाय दिसत नाही. तांबट, धनेश, कोकीळ, बुलबुल सगळे तिथेच. जागा कमी असेल तर हा हट्ट सोडा, भिंतीजवळ लावलेला पिंपळ दहा वर्षांनी कोणीतरी तोडणारच.

मध्यम जागेत पांगारा, पळस, काटेसावर. उन्हाळ्याच्या तोंडाशी यांना पानं नसतात आणि फुलं भरभरून असतात, तेव्हा साळुंक्या, शिंजीर, कोतवाल, परतीच्या वाटेवरच्या भोरड्या असे सगळे येतात. काटेसावरीचा कापूस उडतो आणि खोडाला काटे असतात, त्यामुळे मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि खिडक्यांपासून लांब. कडुनिंब, करंज, जांभूळ, बहावा, शिवण हीसुद्धा चांगली.

आणि झुडपं! यांना लोक विसरतात, पण शहरातले बरेचसे छोटे पक्षी कमरेएवढ्या उंचीच्या दाटीतच राहतात. अडुळसा, करवंद, तुती, जास्वंद, रुई, कढीपत्ता. कढीपत्त्याची काळी फळं बुलबुल आवडीने खातात. माळ्याला सांगा, एक कोपरा असा ठेव की तिथे कात्री लावायची नाही. आमच्याकडे पंपहाउसच्या मागे असा कोपरा ठेवलाय आणि तिथे शिंप्याचं घरटं मला बघायला मिळालं. रुंद पानाच्या दोन कडा जवळ ओढलेल्या, कडेला बारीक भोकं, त्यातून कापसाचे आणि कोळिष्टकाचे धागे ओवलेले, प्रत्येक टाका सुटा, बाहेरच्या बाजूला त्याचं टोक पिंजारलेलं म्हणजे सुटू नये. दोन हातांवरून बघितलं तरी ते नुसतं वळलेलं पान वाटतं. माळ्याने कुंपण सरळ करायला कात्री फिरवली की अशी घरटी जातात आणि गेलेली कोणाला कळतही नाही.

रोपं वनविभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत स्वस्त मिळतात, जूनच्या आधी चौकशी करा. लावताना बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक अगदी खोडाला टेकवू देऊ नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं, तेच माप आपण धरायचं.

पालापाचोळ्याचं थोडक्यात: जाळायचा नाही, तो नियमाने गुन्हाच आहे. पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकायचाही नाही. झाडाखाली पसरून ठेवा, त्यात किडे होतात, आणि सातभाई आणि दयाळ दिवसभर तोच उचकत बसतात.

७. चिमण्यांची घरटी

आता लावा घरटी, आधी नाही. लाकडी किंवा जाड प्लायची पेटी, भोक ३२ मिलीमीटर, त्याहून मोठं केलं तर साळुंकी घुसते. भोकाखाली बसायची दांडी नको, चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र सोयीची होते. तळाला पाणी निथळायला बारीक भोकं, आतून रंग किंवा वॉर्निश नाही. जमिनीपासून तीनेक मीटर उंच, सावलीत, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला म्हणजे नैऋत्येचा पाऊस आत येत नाही. चिमण्या घोळक्याने राहतात म्हणून एक पेटी लावण्यापेक्षा जवळजवळ तीन लावा.

जवळपास कुठेच चिमण्या नसतील तर पेटी रिकामी राहील, नाराज होऊ नका, ती त्या जागी राहू द्या. झुडपं, मातीत लोळायला थोडी मोकळी जागा आणि किडे आले की मग चिमण्या येण्याची शक्यता. सुंदर दिसतात म्हणून विकली जाणारी रंगीत, काचेच्या खिडकीची, टांगून गरगर फिरणारी घरटी घेऊ नका. आणि अंडी आहेत का बघायला रोज झाकण उघडायचं नाही, फोटो काढून स्टेटसला टाकायचा तर नाहीच.

८. दाणे आणि पारवे

या विषयावर सोसायट्यांमध्ये भांडणं होतात, म्हणून स्पष्ट लिहिते. पारव्यांना पोत्याने दाणे टाकणं हे पक्ष्यांवरचं प्रेम असलं तरी त्याने बाकीच्या पक्ष्यांचं नुकसान होतं. पारव्याला इमारतींच्या कपारी मिळतात, दाणे मिळाले की संख्या वाढते, आणि लोकांचा राग मग सगळ्याच पक्ष्यांवर निघतो. विष्ठेच्या धुळीने काही माणसांना फुप्फुसाचा गंभीर आजार होतो हेही खरं आहे. मुंबईत २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना, म्हणजे कबुतरांना दाणे टाकायची जुनी जागा, बंद करण्यावरून केवढं वातावरण तापलं ते सगळ्यांनी पाहिलं. श्रद्धेने दाणे टाकणाऱ्यांशी, विशेषतः वयस्कर मंडळींशी, भांडून काही होत नाही. त्यांना पाण्याच्या ताटलीची किंवा एका उंबराच्या रोपाची जबाबदारी द्या, ते ती मनापासून घेतात.

खूपच द्यायचं असेल तर चिमण्यांसाठी बाजरी, राळे किंवा तांदळाची कणी, चमचाभर, सकाळी, आणि उरलं तर झाडून टाकायचं. ब्रेड, फरसाण, शिळा मीठ घातलेला भात नको.

पारव्यांसाठी जाळी लावणार असाल तर ती ताणलेली आणि कडा पूर्ण बंद हव्यात. सैल जाळीत पारवा अडकतो, त्याच्यामागे आलेली घारही अडकते. कंत्राटात दर सहा महिन्यांनी तपासणी आणि अडकलेला पक्षी सोडवायची जबाबदारी जाळीवाल्याची असं लिहा, आणि लावायच्या आधी आत घरटं नाही ना हे बघून घ्या.

९. काच, दिवे, मांजा

लॉबीच्या मोठ्या काचेत समोरचं झाड दिसतं आणि पक्षी त्यात उडत जातो. पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग पक्षी त्यात फार सापडतो, रात्रीचा प्रवास करून थकलेला असतो. ससाण्याचं एखादं स्टिकर चिकटवून उपयोग होत नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूला पूर्ण भागावर ठिपके किंवा रेघा हव्यात, दोन ठिपक्यांमध्ये पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर नको. दयाळ किंवा शिंजीर खिडकीवर, गाडीच्या आरशावर सारखा टोचा मारत असेल तर तो स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडतोय, विणीचे दिवस संपेपर्यंत तिथे वर्तमानपत्र किंवा कापड लावा.

झाडाच्या खोडाला गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा आणि वर तोंड केलेले फोकस काढा. रस्त्याचे आणि जिन्याचे दिवे हवेतच, पण खाली तोंड केलेले, पिवळसर, आणि बागेचे दिवे टायमरवर रात्री दहाला बंद.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मुलांना घेऊन मांजा काढायचा कार्यक्रम ठेवा. नायलॉन मांजावर २०१७ पासून हरित लवादाची देशभर बंदी आहे तरी तो मिळतो, झाडांत राहतो आणि पुढे कित्येक महिने पक्षी त्यात लटकतात. हाताला जाड मोजे घाला, उंच फांदीवर पक्षी लटकला असेल तर स्वतः चढू नका, अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.

१०. पक्षी खाली पडलेला सापडला तर

पिसं पूर्ण आहेत, शेपटी आखूड, टुणटुण उड्या मारतोय: ते उडायला शिकणारं पिल्लू आहे, आईबाप जवळच असतात. कुत्र्या-मांजरापासून वाचेल अशा झुडपावर ठेवा आणि लांब व्हा. बिनपिसांचं पिल्लू असेल आणि घरटं दिसत असेल तर परत घरट्यात ठेवा, माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते हा गैरसमज आहे. जखमी असेल तर टॉवेलने हलकेच उचलून भोकाच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. मग वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री नंबरवर किंवा शहरातल्या वन्यजीव बचाव संस्थेला कळवा. बरा होईपर्यंत घरीच ठेवू असं मनात आणू नका, ते कायद्याने चालत नाही आणि पक्ष्याच्याही हिताचं नसतं.

एप्रिल-मेमध्ये कावळा डोक्यावर झडप घालतोय अशी तक्रार येईल, वर कुठेतरी त्याचं घरटं आहे. तीनचार आठवडे त्या वाटेने छत्री घेऊन जायचं किंवा वाट बदलायची, आणि ग्रुपवर तसा मेसेज टाकायचा, नाहीतर कोणीतरी बांबू घेऊन निघतं.

११. जनरल बॉडीत ठराव करून घ्या

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक टाळतात, आणि मग कमिटी बदलली की सगळं मूळ पदावर. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, विषयपत्रिका १४ दिवस आधी निघते, म्हणून तुमचं पत्र जुलैच्या शेवटापर्यंत सेक्रेटरीकडे पोहोचवा आणि पोच घ्या. सूचक आणि अनुमोदक आधी ठरवून ठेवा, शक्यतो वेगवेगळ्या विंगचे. खर्चाचा आकडा सोबत द्या, बऱ्याच गोष्टींत खर्च वाढत नाही, फवारणी आणि दिव्यांचे पैसे उलट वाचतात, हे सांगितलं की खजिनदार तुमच्या बाजूने.

ठराव लांबलचक नको. असा पुरतो:

"सोसायटीच्या आवारातील झाडांची छाटणी फक्त ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, घरटी तपासून व आवश्यक परवानगी घेऊनच केली जाईल. तातडीचा धोका असल्यास कमिटीच्या दोन सदस्यांच्या लेखी संमतीने तेवढीच फांदी काढली जाईल. उंदरांसाठी विषारी औषध व चिकट बोर्ड वापरले जाणार नाहीत. बागेत सरसकट कीटकनाशक फवारणी होणार नाही. नवीन लागवड देशी झाडांची असेल. बागेतील दिवे रात्री १० वाजता बंद होतील. या अटी यापुढील सर्व संबंधित कंत्राटांत समाविष्ट केल्या जातील."

सभेनंतर मिनिट्समध्ये हे शब्द जसेच्या तसे आलेत का ते वाचून बघा, "पक्ष्यांबाबत चर्चा झाली" एवढंच लिहिलेलं असेल तर लगेच दुरुस्ती मागा. मग मिनिट्सची एक झेरॉक्स प्रत्येक कंत्राटाला जोडा, आणि एक वॉचमनच्या केबिनमध्ये लावा, छाटणीवाला गेटवर आला की त्याला आधी तीच दाखवायची.